चाचणी खोटं बोलली नव्हती

मागच्या रांगेत ऐकू येतंय ना? बरं.

हा जो ठकठक आवाज मधूनमधून येतोय, तो शेजारच्या कार्यशाळेतल्या छिन्नीचा आहे. रेकॉर्डिंगवाल्यांनी विचारलं, तासभर बंद ठेवायला सांगू का? मी म्हटलं, अजिबात नको. स्वामीमलैला येऊन छिन्नी बंद ठेवायची म्हणजे कोल्हापुरात जाऊन तांबडा रस्सा झाकून ठेवण्यासारखं आहे. शिवाय त्या आवाजाचं पुढे मला काम आहे.

समोर कुंभकोणम-तंजावरची आपली मंडळी बसली आहेत. व्यंकोजीराजांपासून धरलं तर जवळजवळ साडेतीनशे वर्षं यांच्या घरांत मराठी आहे. पडद्यापलीकडे बेळगाव, इंदूर, बडोदा, हैदराबाद, पुणे, कुठकुठले श्रोते असतील. माझं माहेर पुण्याचं, सासर कुंभकोणमचं. लग्नानंतर पहिल्यांदा इथे आले तेव्हा सासूबाईंची मराठी मला अर्धीच कळायची. त्या माझ्याबद्दल शेजारणीला सांगायच्या, हिची मराठी छापलेली आहे. तर आज छापलेली मराठी जरा बाजूला ठेवायचा प्रयत्न करते.

काम काय करते, ते एका वाक्यात सांगते. विषाणूच्या अंगावर बाहेरून जी प्रथिनं असतात, ती मी विषाणूशिवाय बनवते. विषाणू आमच्या प्रयोगशाळेत येतच नाही. त्याच्या जनुकांपैकी फक्त एका प्रथिनाची कृती घ्यायची, ती यीस्टच्या, कीटकाच्या नाहीतर सस्तन प्राण्याच्या पेशीत घालायची, आणि त्या पेशीकडून ते प्रथिन करून घ्यायचं. याला रिकॉम्बिनंट प्रथिन म्हणतात. एका जिवाची कृती दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात शिजवलेली. बावीस वर्षं हेच चाललंय. घरच्यांना अजून वाटतं की मी लस टोचते.

आता गोष्ट. काही वर्षांपूर्वी, रात्री साडेदहाला, माझ्या पुतणीचा फोन आला. धाकट्या दिरांची मुलगी. नर्सिंग पूर्ण करून तिला एका रुग्णालयात नोकरी लागली होती, चार दिवसांत रुजू व्हायचं होतं. रुजू होण्याआधीच्या तपासणीत रक्त घेतलं आणि रिपोर्ट आला: एचबीएसएजी, रिअ‍ॅक्टिव्ह. आपल्याकडचे जुने डॉक्टर ज्याला ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन पॉझिटिव्ह’ म्हणतात ते. म्हणजे हिपॅटायटिस बी, यकृताची ती कावीळ जी काही जणांच्या अंगात वर्षानुवर्षं ठाण मांडते.

रुग्णालयानं सांगितलं, तूर्त थांबा. घरी त्याहून वाईट. आमचे एक चुलत सासरे याच आजारानं यकृत खराब होऊन गेलेले. पोटात पाणी होऊन त्यांचे शेवटचे महिने कसे गेले, ते घरातल्या सगळ्यांनी पाहिलेलं. जाऊबाईंनी त्या संध्याकाळी काही न बोलता मुलीचं ताट, वाटी, लोटी वेगळी काढून ठेवली. हा आजार ताटावाटीतून पसरत नाही. रक्तातून, शरीरसंबंधातून, बाळंतपणात आईकडून बाळाला, न उकळलेल्या नाहीतर पुन्हा वापरलेल्या सुईतून पसरतो. २००९ साली गुजरातेत मोडासा भागात जी साथ आली, ती एकदा वापरलेल्या सिरिंजा पुन्हा वापरल्यामुळे. हे सगळं मुलगी नर्सिंगला शिकलेली होती. पण स्वतःचं ताट वेगळं दिसल्यावर शिकलेलं कुठे जातं कुणास ठाऊक.

मी काय केलं? जे कुणीही करेल तेच. कधी रक्त चढवलं होतं का, दात काढला होता का, वॉर्डात सुई टोचली का, असे प्रश्न विचारत सुटले. मनातल्या मनात चुलत सासऱ्यांपर्यंत नातं जोडून झालं. वीस मिनिटं मी तिची उलटतपासणी घेतली असेल. मग तीच जरा थांबून म्हणाली, “काकू, मला सोमवारी लशीचा पहिला डोस दिला. रक्त गुरुवारी घेतलं. त्या कुपीवर जे नाव छापलंय ते आणि रिपोर्टवर जे नाव आहे ते एकच आहे ना?”

मी गप्प झाले.

इथे जवळच, टेकडीवर, ज्या देवळाच्या साठ पायऱ्या चढून तुमच्यापैकी काही जण सकाळी आलात, तिथली कथा तुम्हाला माहीत आहे. एकेक पायरी एकेका संवत्सराच्या नावाची, आपल्या प्रभव-विभवपासून. आणि वर मुलगा गुरू होऊन बसलाय, बापाला प्रणवाचा अर्थ सांगायला. म्हणून तो स्वामीनाथ. महाराष्ट्रात बायकांनी कार्तिकस्वामीचं दर्शन घेऊ नये असं मला लहानपणी सांगितलेलं. ते इथे सांगितलं तेव्हा सासूबाई इतक्या हसल्या की मी पुन्हा तो विषय काढला नाही. तर त्या रात्री मला शिष्याच्या जागी बसवलं ते एका तेवीस वर्षांच्या मुलीनं. जे प्रथिन मी हातानं बनवते, त्याचं नाव मला दुसऱ्या कागदावर ओळखता आलं नव्हतं.

हे प्रथिन आहे तरी काय, हे नीट सांगते, कारण सगळी गंमत तिथे आहे.

अमेरिकेत बारूक ब्लुमबर्ग नावाचे एक डॉक्टर होते. ते विषाणू शोधत नव्हतेच. माणसामाणसांच्या रक्तातल्या प्रथिनांत काय फरक असतो, हे पाहायला ते जगभरातून रक्ताचे नमुने गोळा करायचे. ज्यांना वारंवार रक्त चढवलेलं असतं, त्यांच्या अंगात परक्या प्रथिनांविरुद्ध अँटिबॉडी तयार झालेल्या असतात. अशा एका हिमोफिलियाच्या रुग्णाचं सीरम त्यांनी वेगवेगळ्या नमुन्यांशी भिडवलं, तेव्हा ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या रक्ताशी त्याची रेघ उमटली. म्हणून नाव पडलं ऑस्ट्रेलिया अँटिजेन. हे छापून आलं १९६५ साली. ही हिपॅटायटिस बी विषाणूच्या बाहेरच्या कवचाची खूण आहे, हे कळायला आणखी काही वर्षं गेली. १९७६ साली ब्लुमबर्गना नोबेल मिळालं, आणि २८ जुलै हा त्यांचा वाढदिवस जागतिक हिपॅटायटिस दिन झाला. आपल्याकडच्या लॅबच्या बोलण्यात ऑस्ट्रेलिया अजून टिकून आहे. पेशंट बिचारे विचारतात, मी तर कधी गेलोच नाही तिकडे.

या विषाणूची एक खोड आहे. तो स्वतःच्या कवचाचं प्रथिन गरजेपेक्षा कितीतरी जास्त बनवतो. रुग्णाच्या रक्तात पूर्ण विषाणू असतो तो साधारण ४२ नॅनोमीटरचा, आत गाभा, गाभ्यात डीएनए. पण त्याच रक्तात २२ नॅनोमीटरचे छोटे गोळे असतात, नुसत्या कवचाचे. आत काही नाही. एका पूर्ण विषाणूमागे असे हजारो, कधी लाखांच्या घरात. का बनवतो? आपल्या अँटिबॉडी त्या पोकळ गोळ्यांवर खर्ची पडाव्यात म्हणून, असा बहुतेकांचा कयास आहे. खोट्या मूर्ती रस्त्यावर उभ्या करून खरी पळवून न्यावी, तसं.

विषाणूचा हा डाव माणसानं त्याच्यावरच उलटवला. पोकळ गोळ्यानं आजार होत नाही, कारण आत डीएनए नाही. पण शरीर त्याला ओळखून अँटिबॉडी करतं. म्हणजे लस तयारच आहे की! पहिली लस खरोखर अशीच केली: आजार अंगात असलेल्या लोकांचं रक्त घ्यायचं, त्यातून पोकळ गोळे वेगळे काढायचे, रसायनांनी बाकी सगळं मारायचं, आणि टोचायचं. १९८१ साली तिला अमेरिकेत मान्यता मिळाली. काम चोख करायची. पण नेमक्या त्याच वर्षांत एड्सचं सावट आलं, आणि दुसऱ्याच्या रक्तापासून केलेली लस घ्यायला लोक बिचकू लागले. शिवाय कच्चा माल काय, तर रुग्णांचं रक्त. ते किती मिळणार?

मग प्रश्न आला: हे कवच रुग्णाशिवाय करता येईल का?

आधी जिवाणूत, ई. कोलायमध्ये करून पाहिलं. इन्सुलिन तसं जमलं होतं. हे जमेना. आणि का जमेना, हे सांगायला मला तो मागचा आवाज हवा होता.

काल दुपारी मी त्या कार्यशाळेत दोन तास बसले होते. स्थपतींनी आधी मेणाची मूर्ती केली. मधमाशांचं मेण, राळ, थोडं शेंगदाण्याचं तेल. माप कशानं घेतात? नारळाच्या झावळीची पट्टी, मूर्तीच्या उंचीइतकी कापलेली. तिला घड्या घालून चेहरा कुठवर, छाती कुठवर, गुडघा कुठे, हे ठरवतात. फूटपट्टी नाही. मग कावेरीच्या गाळाची अगदी मऊ माती त्या मेणावर पातळ लिंपली. हा पहिला थर सगळ्यात महत्त्वाचा, कारण बोटांची नखं, कमरबंदाची नक्षी, सगळं तोच थर पकडतो. तो सावलीत वाळवायचा. मग जाड थर, मोठी मूर्ती असेल तर वरून लोखंडी तार. मग गोवऱ्यांवर तापवलं की मेण वितळून वाहून जातं, आणि त्या पोकळीत पंचलोहाचा रस ओततात. थंड झालं की साचा फोडायचा. एका साच्यातून एकच मूर्ती. आणि ती निघाल्यावर छिन्नीचं काम, ते आठवडेच्या आठवडे.

एक ओतलेली मूर्ती कोपऱ्यात पडली होती. साच्याला आतून बारीक तडा गेला असावा, दंडाजवळ धातू बाहेर फुटला होता. मी विचारलं, हिचं वजन किती? वजन बरोबर होतं. धातूही तोच. पण ती आता मूर्ती नव्हती, पुन्हा भट्टीत जाणारा धातू होता.

देवाची आणि विषाणूची तुलना मी करत नाहीये, कृपा करून तसं घेऊ नका. तुलना कारागिरीची आहे. कारण माझ्या नोकरीच्या सुरुवातीला नेमकी अशीच ‘मूर्ती’ मी आठ महिने करत होते. कवचाच्या प्रथिनाचा तुकडा, जिवाणूत केलेला. जेलवर पाहिलं तर वजन बरोबर. अमिनो आम्लांचा क्रम बरोबर. भरपूर निघत होतं, माझे साहेब खूश होते. आणि लस घेतलेल्या माणसांचं सीरम त्यावर टाकलं तर काही चिकटेना. एकही अँटिबॉडी त्याला ओळखेना. आम्ही सीरमला दोष दिला, प्लेटला दोष दिला, एकदा तर फ्रीजला दिला. प्रथिनाला दोष द्यायला सहा महिने लागले.

प्रथिन म्हणजे मण्यांची माळ. या कवचाच्या मुख्य प्रथिनात २२६ मणी, म्हणजे अमिनो आम्लं. पण अँटिबॉडी माळ ओळखत नाही, माळेची घडी ओळखते. या प्रथिनाचा जो भाग अँटिबॉडीला दिसतो, तो गंधकाच्या टाक्यांनी शिवून धरलेला असतो. मण्यांपैकी काहींत गंधक असतं, ते दोन-दोन जवळ येऊन एकमेकांना घट्ट धरतात आणि त्यातून वळणं उभी राहतात. हे टाके उसवले की मणी सगळे तिथेच, पण चेहरा गेला. ई. कोलायच्या पेशीत हे टाके नीट पडत नाहीत, आणि कवचाचे गोळेही बांधले जात नाहीत. माझं प्रथिन म्हणजे दंड फुटलेली मूर्ती होती.

यीस्टमध्ये मात्र ते जमलं. आपलं पावाचं, बियरचं यीस्ट. १९८२ साली पाब्लो व्हॅलेन्झुएला, विल्यम रटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की यीस्टला फक्त या कवचाची कृती दिली तर त्यातून अगदी २२ नॅनोमीटरचे, रुग्णाच्या रक्तातल्यासारखे पोकळ गोळे मिळतात. कुणी बांधायला सांगितलेलं नसतं. प्रथिनं आपली आपण जमून गोळा करतात. मला आजही याचं नवल वाटतं. १९८६ साली ही लस मान्य झाली, माणसासाठीची पहिली रिकॉम्बिनंट लस. आपल्याकडे हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सनं १९९७ साली स्वतःची केली, पिकिया नावाच्या दुसऱ्या यीस्टमध्ये, आणि मग पुण्यासह इतर ठिकाणीही ती बनू लागली, किमती उतरल्या. २०११ पर्यंत सरकारी लसीकरणात ती देशभर आली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात पाच रोगांची एकत्र पेंटाव्हॅलेंट लस सुरू झाली, ती पहिल्यांदा तमिळनाडू आणि केरळात. इथल्या आयांनी ती आधी पाहिली, आम्ही नंतर.

लशीची गोष्ट सगळे सांगतात. प्रयोगशाळेतली फारशी कुणी सांगत नाही, म्हणून दोन शब्द. असं एकटं प्रथिन हाती आलं की संशोधकाला विषाणूच्या दाराची किल्ली मिळते. हिपॅटायटिस बी यकृताच्याच पेशीत शिरतो, तो कुठल्या दारानं, हे कित्येक वर्षं कळत नव्हतं. २०१२ साली बीजिंगमधल्या ली वेनहुई यांच्या गटानं कवचाच्या मोठ्या प्रथिनाच्या टोकाचा एक तुकडा गळाला लावला. प्रकाश पडला की शेजाऱ्याला चिकटेल अशी त्याची रचना केली, आणि यकृताच्या पेशींवर सोडला. गळाला लागलं ते एनटीसीपी, पित्ताचे क्षार पेशीत ओढून घेणारं एक प्रथिन. विषाणू आपल्याच पाणक्याच्या दारानं आत येत होता. तसाच तुकडा आज औषध म्हणूनही वापरतात, हिपॅटायटिस डीसाठी: दारात आधीच कुणी उभं असलं की विषाणूला आत जाता येत नाही.

कोविडच्या वेळी तुम्ही ‘स्पाइक’ हा शब्द ऐकलात, तोही याच जातीचा. तो तर इतका चंचल की पेशीला भिडायच्या आतच स्वतःचा आकार बदलून बसतो. मग त्यातले दोन मणी बदलून त्या जागी प्रोलिन घातलं, ताठ राहावा म्हणून. ही युक्ती आधी मर्सच्या विषाणूवर साधलेली होती, म्हणून २०२० साली वेळ वाचला. पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटनं जी कोवोव्हॅक्स केली, त्यातला स्पाइक कीटकाच्या पेशीत होतो. कुठला कीटक? शेतकऱ्यांनी कानावर हात ठेवावेत. २०१८ पासून आपला मका खाऊन फस्त करणारी अमेरिकन लष्करी अळी. तिच्याच कोषाच्या अंडाशयातून काढलेल्या पेशी, त्या १९७० च्या दशकापासून प्रयोगशाळेत वाढवल्या जातात. माझे एक मामा सांगलीकडे मका लावतात. त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, म्हणजे एवढं तरी वसूल झालं.

आता पुतणीकडे परत येते. ती तिकडे फोनवर वाट बघतेय.

तिचा प्रश्न बरोबर होता. लशीच्या कुपीत जे होतं ते आणि चाचणी जे शोधते ते, एकच. चाचणी कशी करतात? ताटलीच्या तळाला अँटिबॉडी बसवलेली असते, ती रक्तातलं कवच पकडते, वरून दुसरी खूण लावलेली अँटिबॉडी येऊन बसते, रंग येतो नाहीतर उजेड पडतो. त्या अँटिबॉडीला कवच दिसतं. आत डीएनए आहे की पोकळी, हे तिला दिसत नाही, आणि ते कवच आजारातून आलं की सुईतून हेही नाही.

पण एवढंसं प्रथिन दंडात टोचल्यावर रक्ताच्या चाचणीत सापडेल का? ढोबळ हिशेब मांडू. मोठ्या माणसाच्या डोसमध्ये २० मायक्रोग्रॅम प्रथिन असतं, म्हणजे २०,००० नॅनोग्रॅम. रक्त साधारण पाच लिटर, ५,००० मिलिलिटर. सगळंच्या सगळं रक्तात गेलं असं धरलं तर मिलिलिटरला ४ नॅनोग्रॅम. सगळं जात नाही, बहुतेक दंडातच राहतं. समजा पन्नासातला एक भाग रक्तात आला: ०.०८ नॅनोग्रॅम. आणि आजच्या चांगल्या चाचण्या ०.०५ च्या आसपासही पकडतात. बसला हिशेब. लस घेतल्यावर दोन-तीन आठवड्यांपर्यंत ही चाचणी तात्पुरती पॉझिटिव्ह येऊ शकते, हे वैद्यकाला माहीत आहे, पुस्तकांत लिहिलेलं आहे. रक्तदानाच्या वेळीही म्हणूनच लशीबद्दल विचारायला हवं.

इथे एक खाचखळगा आहे. लॅबला शंका आली की ती खात्रीची चाचणी करते, नमुन्यात कवचाविरुद्धची अँटिबॉडी घालून रंग जातो का बघते. पुतणीच्या बाबतीत तीही केली, आणि तीही पॉझिटिव्ह. होणारच! कवच खरंच होतं तिथे. चाचणी खोटं बोलली नव्हती. तिला विचारलं होतं, कवच आहे का? ती म्हणाली, आहे. आजार आहे का, हे तिला कुणी विचारलंच नव्हतं, ते आपण परस्पर धरून चाललो.

मग काय विचारायचं? गाभ्याबद्दल. विषाणूच्या आतल्या गाभ्याचं प्रथिन वेगळं असतं आणि लशीत ते नसतं. यीस्टला ती कृती दिलेलीच नाही. ज्याच्या अंगात खरा विषाणू येऊन गेला त्याच्या रक्तात पुढेमागे गाभ्याविरुद्धच्या अँटिबॉडी दिसतात. नुसती लस घेतलेल्याच्या रक्तात नाही. देवळाच्या भाषेत सांगायचं तर गोपुर दिसलं, गाभारा आहे का ते बघा. पुतणीची ती चाचणी निगेटिव्ह आली. घरात सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि मी फोनवरून त्यावर पाणी ओतलं, कारण मला खरं सांगणं भाग होतं: अगदी ताजी लागण असेल तर गाभ्याच्या अँटिबॉडी अजून उगवलेल्या नसतात. तेवढ्यावर निर्धास्त होता येत नाही. म्हणून विषाणूचा डीएनए शोधायची चाचणीही करायला लावली. ती महाग असते, जाऊबाईंनी भिशीचे पैसे काढले. डीएनए सापडला नाही. आणि पाच आठवड्यांनी पहिलीच चाचणी पुन्हा: निगेटिव्ह.

पाच आठवडे. ऐकायला थोडे वाटतात. त्या काळात ती मुलगी घरात कुणाच्या लहान बाळाला उचलून घेत नव्हती. रुग्णालयानं जागा ठेवली, हे त्यांचं चांगलंच; पण ज्या दिवशी लस टोचली आणि ज्या दिवशी रक्त घेतलं, ते दोन्ही कागद एकाच इमारतीत, दोन खोल्यांत होते. एकानं दुसऱ्याला विचारलं असतं तर एवढं झालंच नसतं. तंजावरला सरस्वती महालात सरफोजीराजांच्या वेळच्या मोतिबिंदूच्या शस्त्रक्रियांच्या नोंदी आहेत, डोळ्यांच्या चित्रांसकट. आधी डोळा कसा होता, मग काय केलं, मग कसा झाला. दोनशे वर्षांपूर्वीची पद्धत. मला त्या पाहून थोडा रागच आला होता, ते आत्ता सांगून टाकते.

आणि माझ्या क्षेत्रातल्या तरुण मंडळींना, जी हे ऐकत असतील: आपणही हेच करतो. वीस-तीस हजारांची कुपी मागवतो, वर ‘फक्त संशोधनासाठी’ लिहिलेलं असतं, आणि नाव जुळलं की वापरतो. ते कुठल्या पेशीत केलंय, त्यावर साखरेच्या साखळ्या कुठल्या आहेत, शेवटी शुद्धीकरणासाठी जोडलेलं शेपूट काढलंय का, गोळा बांधलाय की सुटी माळ आहे, हे विचारत नाही. ज्याच्या अँटिबॉडी मोजायच्या आहेत त्याचं सीरम आधी त्यावर टाकून बघा. माझे आठ महिने फुकट गेले, तुमचे जाऊ नयेत.

पुतणी आता त्याच रुग्णालयात आहे. नव्या लोकांचं रक्त घ्यायचं काम काही दिवस तिच्याकडे आलं होतं. अर्जावर लशीच्या तारखेसाठी रकाना नव्हता. ती पेनानं कडेला लिहायची. आता छापील रकाना आला आहे.

तिचे तीनही डोस झाले, सहा महिन्यांत. त्यानंतर दीड महिन्यानं अँटिबॉडी मोजायची असते. दहा युनिटांच्या वर असेल तर संरक्षण आहे असं धरतात. या चाचणीत उलटं असतं: ताटलीच्या तळाला प्रथिन बसवलेलं, म्हणजे पुन्हा तेच कवच, यीस्टमध्ये नाहीतर दुसऱ्या पेशीत केलेलं, आणि ते तिच्या रक्तातल्या अँटिबॉडी पकडतं. रिपोर्ट आल्यावर तिनं मला फोटो पाठवला. आकडा चारशेच्या वर होता. खाली लिहिलं होतं, काकू, आता हे कुणाचं आहे ते मी विचारणार नाही.

जाऊबाईंनी ते ताट केव्हा परत मांडणीत ठेवलं, ते कुणी पाहिलं नाही.

प्रश्न असतील तर विचारा. छिन्नीवाल्यांची जेवायची सुट्टी झालेली दिसते, आता ऐकूही नीट येईल.